जुन्या ग्रुपात उरलेले चाचा

मोटारची जळालेली कॉइल कापण्याआधी तिचे वेढे मोजायचे, हा आमच्या रिवाइंडिंगच्या धंद्यातला पहिला धडा. आर्णीत मी तो सगळ्यांना तावातावानं शिकवतो आणि त्या दिवशी स्वतःच विसरलो. विसरलो कसला, माजलो होतो. "या मोटारची माहिती ग्रुपवर आहे," म्हणालो, कॉइल कापली आणि तांबं भंगारात टाकलं. जिल्ह्यातले आम्ही मेकॅनिक कुठल्या मोटारला किती वेढे, किती नंबरची तार, हे सगळं त्या ग्रुपवर आवाजी मेसेज करून टाकत असू.

फोनमध्ये शोधायला गेलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गुड मॉर्निंगच्या फुलांना वैतागून चार महिन्यांपूर्वी मीच सगळ्यांना नव्या ॲपवर नेलं होतं. जुनं काही तिकडे आलं नव्हतं, आणि माझं ऐकून सगळ्यांनी जुना ग्रुप पुसूनही टाकला होता.

जिच्या विहिरीवरची ती मोटार होती ती काकू दुकानात येऊन बसली. "हरभऱ्याले घाटे धरून राह्यले, भाऊ. पाणी आत्ताच पाह्यजे, मंग देऊन काय फायदा?"

त्या मोटारचे वेढे मुळात लोहारा गावच्या चाचांनी सांगितले होते, एवढं आठवलं. आमच्यातले सगळ्यात जुने कारागीर. फोन उचलेनात, म्हणून गाडी काढली.

मला पाहताच चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "काहून रे, नाराज हाय काय सगळे माह्यावर? चार महिने झाले, रोज माहिती टाकून राह्यलो. कोणी अंगठाही नाही देत. काही चुकलं काय माह्यं?"

मी त्यांचा फोन घेतला. जुना ग्रुप जसाच्या तसा होता, फक्त त्यात चाचा एकटे होते. नव्या ॲपचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. कोणी म्हणजे मी. बोटानं वर सरकवत गेलो आणि सापडलं, त्यांच्याच आवाजात: वेढे, तार, सगळं. जीव भांड्यात पडला. तिथूनच काकूला फोन करून सांगितलं, उद्या मोटार घेऊन जा.

मग सरकवत परत ग्रुपच्या तळाशी आलो. शेवटचा मेसेज त्याच दिवशी सकाळचा होता: "सलाम सगळ्यायले. हाय काय कोणी?"

त्यांच्याच फोनवरून मी स्वतःला परत ग्रुपात घेतलं, फोन त्यांच्या हातात दिला आणि समोर उभा राहून माझ्या फोनवर लिहिलं, "हाय, चाचा."

त्यांच्या हातातला फोन वाजला. चाचांनी चष्मा पुसला आणि मला अंगठा दिला.