दोन बोअर आणि एक शेरा

नांदेडच्या कॉलेजात मी एकवीस वर्षं आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतोय. फळ्यावर डावीकडे ‘अ’ राष्ट्र, उजवीकडे ‘ब’ राष्ट्र, मधे बाण. ‘अ’नं स्वतःच्या रक्षणासाठी शस्त्रं घेतली की ‘ब’ला तो हल्ल्याचा बेत वाटतो. मग ‘ब’ही घेतो, आणि शेवटी दोघंही आधीपेक्षा जास्त धोक्यात. याला सुरक्षेचा पेच म्हणतात. पोरं उतरवून घ्यायची. कुणी कधी काही विचारलं नाही. मला ती शिस्त वाटायची.

मग विभागात तासिका तत्त्वावर एक जण आला. हदगावकडचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. दर जूनला नव्यानं नेमणूक, परीक्षा आल्या की घरी. त्याचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता. भिंतीपलीकडून हशा यायचा. माझी हजेरी झाली की काही पोरं मागच्या दारानं निघून त्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. मी पाठमोरा उभा राहून फळ्यावर लिहीत असायचो आणि पावलं मोजायचो. चार, पाच, एकदा सात.

माझी नोकरी कायम, खुर्ची विभागप्रमुखाची. तो माझं काहीच घेऊ शकत नव्हता. उगवत्या सत्तेची प्रस्थापित सत्तेला भीती का वाटते, हा धडा मी दरवर्षी शिकवत होतो, तरीसुद्धा.

एकदा कॅन्टीनमध्ये चहा घेताना मी त्याच्यापाशी घरचं बोलून गेलो. मुखेडकडे आमची जमीन आहे. बांधाच्या पलीकडे चुलत भाऊ. एका उन्हाळ्यात त्याच्या रानात जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या फिरताना दिसला, तळहातावर नारळ आडवा ठेवून. माझ्या बांधापासून वीस-पंचवीस पावलांवर नारळ उभा राहिला, म्हणजे खाली पाणी. मी त्याच आठवड्यात बोअरची गाडी बोलावली आणि तीनशे फूट घेतला. भावानं चारशे घेतला. मी पाचशेवर गेलो.

“सर, त्यांना विचारलं होतं का, कुठं घेणार म्हणून?” तो म्हणाला.

“विचारायचं काय त्यात? नारळ उभा राहिलेला दिसून राहिला ना.”

“आता पाणी कुणाला हाय?”

“कुणालाच न्हाई.”

तो हसला नाही. खिशातून कागद काढून त्यानं काहीतरी टिपून घेतलं. मी दुसरा चहा मागवला.

पंधरा दिवसांनी व्हरांड्यातून जाताना त्याच्या वर्गात पाहिलं, तर तो बाकांच्या मधून संथपणे चालत होता, तळहातावर नारळ. एका मुलीच्या बाकाशी त्यानं नारळ उभा केला. “आता शेजारच्या बाकावरच्या राष्ट्राला काय वाटलं?”

मागून एक पोरगा ओरडला, “सर, लई पोटात दुखलं!”

वर्ग खदखदून हसला. “बरोबर. पण विचारलं का त्यानं हिला?”

मी खांबाला धरून उभा होतो. त्यानं माझ्या घरची लाज चोरली, असं मनाला सांगत होतो. ते खरं नव्हतं. खरं हे, की इतकी वर्षं मी ज्या पेचाचे बाण काढले, तो माझ्याच रानात पाचशे फूट खाली गेला होता आणि मला दिसला नव्हता. त्याला एका चहात दिसला. माझा जळफळाट त्यापायी होता.

त्या उन्हाळ्यात पेपर तपासणीच्या केंद्रावर मी नियामक होतो. तपासलेल्या उत्तरपत्रिकांतल्या काही पुन्हा पाहायच्या, एवढं काम. उत्तरपत्रिकेवर ना नाव, ना कॉलेज. तिसऱ्या गठ्ठ्यात एका उत्तरात नारळ उभा राहिला. पुढच्या उत्तरातही. त्याच्या पुढच्याही. प्रत्येकाची भाषा वेगळी, कुणी बोअर तीनशेचा लिहिला, कुणी सहाशेचा. एकानं तर पाणाड्याला मध्यस्थ राष्ट्र केलं होतं, आणि ते मला कधी सुचलं नसतं. कॉपी झालेली नव्हती. हे त्या खोलीत फक्त मलाच ठाऊक होतं.

मी लाल पेन उचललं आणि शेरा लिहिला: ‘सर्व उत्तरांत एकच उदाहरण. सामूहिक कॉपीचा संशय.’

अक्षर जराही हललं नाही.

निकाल अडकले. चौकशी झाली. पोरं पुढे सुटली, पण एका मुलीचं एम.ए.ला जायचं वर्ष गेलं. चौकशीच्या कागदांत शिक्षक म्हणून त्याचं नाव राहिलं. जूनमध्ये त्याला बोलावणं गेलं नाही. शेरा लिहिणाऱ्याचं नाव बाहेर येत नाही. मी त्याला फोन केला, “काय रे हे, फार वाईट झालं,” म्हणालो.

तो लातूरला गेला, स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवायला. आणि मी? पुढच्या वर्षी मी वर्गात नारळ नेला. नारळ तळहातावरून पडला, बाकाखाली गडगडत गेला. कुणी हसलं नाही.

या वर्षी कायम जागा निघाल्या. त्याचा फोन आला, “सर, अनुभवाचा दाखला लागतो.” टपालानं पाठवता आला असता. मी बसनं लातूरला गेलो. क्लासच्या जिन्याखाली पोरांच्या चपलांचा ढीग होता. तो पाहूनही आत कुठेतरी टोचलंच. समोरच्या टपरीवर त्याला सगळं सांगितलं.

त्यानं हातातला ग्लास फिरवला. “मला वाटायचं, कुणीतरी अनोळखी असेल. उदाहरण गाईडमधलं समजला असेल.”

मी माझा ग्लास खाली ठेवला.

“चौकशीत पोरांना विचारलं, हे कुठून आणलं. त्यांनी माझं नाव सांगितलं. मग मला विचारलं, तेव्हा मी तुमचं नाव घेतलं न्हाई. माझंच म्हणालो.”

“का?”

“तुमच्या घरचं होतं ते, सर. भाऊबंदकी चारचौघांत कशाला?”

माझी मान खाली गेली. आणि आता लिहायलाच बसलो आहे तर हेही लिहितो: त्या क्षणीसुद्धा मला त्याचा हेवा वाटला. असं वागणं मला सुचलं नसतं, याचा.

तो उठला. मी जिन्यापर्यंत सोबत गेलो. ढिगाशी चपला काढता काढता तो म्हणाला, “मुलाखतीत ती चौकशी निघणार. तुम्ही आत्ता बोललात ते लेखी देता का?”

“देतो,” म्हणालो.

तीन आठवडे गेले. पाच मसुदे केले. प्रत्येकात मी ‘कदाचित’, ‘त्या वेळच्या समजुतीनुसार’ असं काहीतरी घालून स्वतःभोवती बांध घालत होतो. सहाव्यात एवढंच राहिलं: कॉपी झालेली नाही हे मला माहीत होतं. शेरा मी मत्सरातून लिहिला.

परवा परीक्षा विभागात अर्ज दिला. आवक-जावकच्या बाईंनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला.

“सर, हे तर तुमच्याच विरुद्ध हाय. कळून राहिलं ना?”

“हाव.”

“बघा बुवा. एकदा शिक्का पडला की परत देता येत न्हाई.”

“मारा,” मी म्हणालो, आणि पोच घेण्यासाठी हात पुढे केला.