चवळीखाऊ नुहूमचा अबोला

आमच्या सिकासो शहरात बाजारामागे माझं शिवणाचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून नुहूम त्राओरेचं. तो बालाफोन बनवतो, लाकडी पट्ट्यांचं आणि खाली भोपळे टांगलेलं आमचं वाद्य. मी तेनिन जारा. जारा आणि त्राओरे या दोन कुळांनी भेटल्याबरोबर एकमेकांचा उद्धार करायचा, पण रागवायचं नाही, ही वाडवडिलांची रीत. बावीस वर्षं रोज सकाळी मी ओरडते, "काय रे चवळीखाऊ, आहेस का गेलास?" तो ओरडतो, "तुझ्यासारखी गुलाम मागे सोडून कसा जाऊ?" मग दोघांची कामं सुरू होतात.

यंदा आंब्याच्या दिवसांत त्याचं उत्तर यायचं थांबलं.

चार दिवस मी सोडून दिलं. पाचव्या दिवशी त्याच्या पाठीमागे उभी राहून त्राओरेंच्या सात पिढ्या काढल्या. हा ढिम्म. आपला पट्टी तासतोय. माझा आधी तिळपापड झाला, मग धास्ती वाटली. थट्टेला उत्तर न देणं म्हणजे नातंच तोडणं. माझं चुकलं तरी काय?

शेवटी नाक मुठीत धरून दहा कोलाफळं घेतली आणि माफी मागायला त्याच्या घरी गेले. आमच्याकडे मरण असो, मागणी असो की माफी, कोलाफळंच नेतात. ती बघून तो दचकला. "कोण गेलं?" मग म्हणाला, "का मुलीला मागणी? अगं, माझ्या मुली केव्हाच उजवल्या!"

"माफी मागायला आलेय, मूर्खा!"

"हो हो, बस ना," म्हणत तो भिंतीला टेकला आणि भरदुपारी, पाहुणी समोर असताना, घोरायला लागला. कोपऱ्यातल्या बालाफोनचे भोपळे थरथरत होते. मग एकाएकी सगळं शांत. श्वाससुद्धा नाही! मी किंचाळले. त्याची बायको जेनेबा निवांत बाजरी पाखडत होती. "थांबा, येईल." विहिरीतून वर काढल्यासारखा त्याने श्वास ओढला आणि पुन्हा घोरणं सुरू.

"रात्रभर हेच," जेनेबा म्हणाली. "हल्ली हाकेला ओही देत नाहीत. म्हटलं, नवरा आहे, चालायचंच."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, प्राणवायू कमी पडतो. कानाच्या आतल्या नाजूक भागाला तेच बाधलं असावं. बारीक आवाज ऐकू यायचे थांबलेत, ते बहुधा परत यायचे नाहीत. उरलेलं जपायचं तर वजन उतरवा, राजधानीतून, बामाकोहून, श्वासाचं यंत्र आणा आणि तोवर निदान कुशीवर झोपा.

परतताना नुहूम हळूच म्हणाला, "बारीक आवाजाच्या पट्ट्या मी कधीपासून अंदाजाने तासतोय, तेनिन. कुणाला सांगणार होतो?" मला रडू आलं. माझ्यावर रुसला म्हणून मी याला मनातल्या मनात किती बोलले होते!

मी त्याच्या झोपायच्या सदऱ्याला पाठीवर खिसा शिवला. त्यात ठेवायला त्याने स्वतः छोटासा वाळका भोपळा निवडला, तोही चार वाजवून बघून. उताणा झाला की भोपळा टोचतो. बारीक पट्ट्या आता जेनेबा ऐकते आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला हक्काने सांगते, "चुकलं तुमचं."

पण माझा आवाज पडला बारीक. सकाळ सुनीसुनीच जायची. मग एक दिवस मी त्याच्या दुकानात शिरले, काठी उचलली आणि सगळ्यांत जाड आवाजाच्या पट्ट्यांवर माझी हाक बडवली. बोलण्याचे चढउतार वाजवणारी बालाफोनची ही बोली आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते.

नुहूमने मान वर केली नाही. हातातली पट्टी तासत म्हणाला, "तुझ्यासारखी गुलाम मागे सोडून कसा जाऊ? आणि ती काठी खाली ठेव. हात बेसूर आहे तुझा."