सुया ओढणारी सुरी

"बघू, बघू," असं दोनदा म्हटल्याशिवाय जुन्नरच्या कागदवाल्या चाचांनी कधी कागदाला सुरी लावली नाही. अंगठा जिभेला लावायचे, गठ्ठ्याच्या कडेवरून फिरवायचे आणि मग हातभर लांबीचं पातं असं ओढायचे की कातरण सापाच्या कातेसारखी अखंड खाली पडायची. जुन्नरचा हातकागद ज्यांनी वापरला त्यांना ती सरळ कड आठवत असेल. ती कापणारे हात फार थोड्यांनी पाहिले असतील.

मी तेव्हा पेठ गावच्या एका मारवाडी शेटजींच्या दुकानात कामाला होतो. दिवाळीच्या वह्यांसाठी जुन्नरहून बैलगाडीत कागद भरून आणणं हे माझं काम. "शेटजींचा माणूस असून तुला भाव पाडता येत न्हाई," चाचा म्हणायचे. "तुझं कसं व्हायाचं राव?"

एका वैशाखात त्यांच्या घरामागच्या लिंबावर वीज पडली आणि भिंत तडकली. त्या भिंतीला टांगलेली सुरी तेव्हापासून लोखंड ओढू लागली. धार लावताना पडणारा लोखंडाचा बारीक कीस पात्याला चिकटून राही, कितीही पुसला तरी पुरता निघत नसे, आणि कापताना कागदाच्या कडेत उतरे. पावसाळी हवेत त्याचे तांबूस डाग उठले. शेटजींनी अख्खी गाडी माघारी धाडली. दिवाळीचा मालही असाच आला, तर यापुढे गिरणीचा कागद घेऊ, असा निरोप दिला. तो मीच पोचवला.

चाचा चिडले नाहीत. "हिला लोखंडाचा नाद लागलाय भाऊ. सोडवाय लागंल."

लोहार म्हणाला, "भट्टीत लाल करू. एका दमात उतरंल."

"आन् पात्याचं पाणी? तेबी उतरंल की. मग हिनं काय लोणी कापायचं?"

त्या मापाची दुसरी सुरी गावात नव्हती. पण चाचांना वडिलांची एक रीत माहीत होती. पातं लाकडी ठोकळ्यावर पूर्व-पश्चिम ठेवायचं आणि लाकडी हातोडीनं हलकं हलकं ठोकत राहायचं. ठोकून ठोकून ओढ जाते.

तरी मी जावं तेव्हा सुरी तशीच. "आज नको. उद्या ठोकतो." मला वाटलं, म्हातारा आळसावला.

एका संध्याकाळी हाक न मारताच आत गेलो. चाचा गुडघ्यांवर बसून सारवलेल्या जमिनीवरून पातं सावकाश फिरवत होते. मधेच थांबले. पात्याच्या टोकाला एक गंजकी सुई लागली होती. ती त्यांनी बोटांनी सोडवली, फुंकर मारली आणि एका चिंधीत टोचली. चिंधीत अशा बऱ्याच सुया होत्या.

चाची वाकळा शिवायच्या. प्लेगात गेल्या.

"लई सांडायची," चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी वरडायचो, कुनाच्या पायात घुसंल म्हनून. तर हसायची. आता ह्या सापडत्यात."

मी खाली बसलो.

"चुलीकडचा कोपरा राह्यलाय. तिथं लई बसायची. तेवढा झाला की ठोकतो."

मी हो म्हणायला हवं होतं. एखाद-दुसऱ्या संध्याकाळचा तर प्रश्न होता. पण दिवाळी तोंडावर आली होती, आणि मी त्यांच्याच पोटासाठी घाई करतोय अशी स्वतःची समजूत घातली. म्हणालो, "चाचा, शेटजी थांबायचे नाहीत."

"खरंय," म्हणाले आणि त्यांनी चिंधीची घडी केली.

सकाळी गेलो तेव्हा ठोकणं चालू होतं. दुपारी त्यांनी पात्याला सुई लावून पाहिली. ती खाली पडली. "सुटला नाद," म्हणाले, आणि पडलेली सुई बराच वेळ हातानं चाचपत राहिले.

कागद स्वच्छ उतरला. शेटजी खूश झाले. पुढे त्यांनी गिरणीचा कागद घेतलाच, पण ते बघायला चाचा राहिले नव्हते.

त्या घरात आता त्यांचा पुतण्या राहतो. चूल परसात गेली आहे. जुन्नरला गेलो की तो मला चुलीच्या त्याच कोपऱ्यात घोंगडी अंथरून देतो. मी ती बाजूला सारतो, उघड्या जमिनीवर बसतो आणि बोलता बोलता तळहात दाबून फिरवत राहतो. पुतण्याला वाटतं, गुडघे दुखतात म्हणून मी हात टेकतो.

अजून काही टोचलं नाही.