आजोबा माडावरून कसे पडले

बाबांचे पाय सुजले आणि विहिरीवरून घरात येईपर्यंत त्यांना दम लागायला लागला, तेव्हा मी त्यांना अक्षरशः ओढत कणकवलीला डॉक्टरकडे नेलं. इको झाला. हृदय निम्मंच काम करतंय, पण का ते कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. रक्तवाहिनीत ब्लॉक असला तर अँजिओग्राफीतच दिसेल. मनगटातून नळी घालतात हे ऐकताच बाबा खुर्चीवरून उठले.

मी त्यांना खाली बसवलं. डॉक्टरांनी चौकशी सुरू केली.

"छातीत दुखतं?"

"नाय."

"तंबाखू?"

"नाय."

मी त्यांच्या खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली.

"ती माझी नाय," बाबा म्हणाले. खिसा मात्र त्यांचाच होता.

"घरात कुणी कमी वयात अचानक गेलं?"

"बापूस. चाळीशीत. पण तो माडावरसून पडलो."

आजोबांसारखा माडावर चढणारा पंचक्रोशीत नव्हता. म्हणूनच गाव आजतागायत म्हणतो, त्या दिवशी पिऊन चढला असणार. यावरून बाबा दोन लग्नांत भरल्या पानावरून उठलेत.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पडल्यामुळे गेले, की वरच हृदय बंद पडलं आणि मग पडले? तसं असेल तर तुम्हालाही धोका जास्त. मग अँजिओग्राफी टाळून चालणार नाही."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. नळी नको होती आणि बापाची अब्रू तर हवी होती. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. हा हट्टी माणूस नाही म्हणाला, तर मी काय करणार होते?

"लिवा," बाबा शेवटी म्हणाले. "तो वरच मेलो, मगे पडलो."

अँजिओग्राफीत दोन ब्लॉक निघाले. मी तिथेच रडायला लागले. वेळेत कळलं, उघडता येतील, असं डॉक्टर मला समजावत होते.

"म्हंजे बापाशीक पण हेच असतला?" पट्टी बांधलेला हात छातीवर धरून बाबांनी विचारलं.

"असू शकतं. नक्की नाही सांगता येणार."

एवढं बाबांना पुष्कळ झालं. "फोन लाव गो. गावात सांग."

"काय सांगू? दोन ब्लॉक निघाले म्हणून?"

"ता रवांदे. आधी सांग, माझो बापूस पिलेलो नव्हतो."