‘पकॉली’चं मूळ

इंग्रजी शब्दांची मुळं शोधत बसायचं मला फार वेड. घरचे म्हणत, हिचे रिकामपणचे उद्योग. कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि बीडच्या रद्दीवाल्याकडून आणलेला जाडजूड शब्दकोश कायम उशाशी असायचा. त्यात एकदा ‘पकॉली’ हा शब्द सापडला. अर्थ दिला होता, कातडी पिशवीतून पाणी वाहणारा. म्हणजे आपला पखालीच की! मूळही होतं: संस्कृतातले पाणी आणि कातडं या अर्थांचे दोन शब्द जोडून झालेला. आपल्याकडचा शब्द साहेबाच्या पुस्तकात जाऊन बसला, याचा मला कोण आनंद!

शेजारी मोटारी दुरुस्त करणारे चाचा राहायचे. त्यांचे वडील हल्यावर पखाल लादून याच गावाला पाणी पुरवायचे; नव्या पिढीला ते ठाऊक नव्हतं, मला त्यांनी एकदाच, हळू आवाजात सांगितलं होतं. ते साल दुष्काळाचं. सहकारी सोसायटीचा टँकर दिवसाआड यायचा. त्या रांगेत, सगळ्यांसमोर, मी ओरडले, "चाचा, तुमच्या वडलांचा धंदा इंग्रजीत गेलाय! पकॉली म्हणजे पखाली!"

मागून एक जण म्हणाला, "आस्सं? मिस्त्री पखाल्याचा हाय व्हय?" दोघंतिघं हसले. चाचा रिकामी घागर उचलून घरी गेले. ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. मी तर न विचारता चावडीवर वाचून दाखवलं होतं. माझीच मला शरम वाटली.

पुढच्या टँकरलाही ते आले नाहीत. माझ्या वाट्याच्या पाण्यातली एक घागर घेऊन मी त्यांच्या दारी गेले, माफी मागितली. त्यांनी पाण्याला हात लावला नाही. एवढंच विचारलं, "बाई, त्या किताबात आजून काय लिवलंय?"

"एवढंच. पाणी आणि कातडं."

"एका दुष्काळात हल्या मेला, तवा बापानं पाठीवर पाणी वाहिलं. पाठ सोलून निघाली हुती. त्याचं काय न्हाई लिवलं?"

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलावंसं फार वाटलं.

त्यानंतरच्या टँकरला चाचा रांगेत उभे दिसले. त्या दिवशी मागून बोललेला तोच माणूस पुढं घुसत म्हणाला, "या, पखाली, या!"

चाचांनी आपली घागर नळीखाली धरली.

"व्हय, पखाल्याचा हाय. तुज्या आज्याच्या रांजणात माज्या बापानं पाणी वतलंय. त्यानं कदी कुणाला रांगेत उभं न्हाई केलं."