उत्तरेकडच्या पागोळ्या

इंग्लंडातल्या सफोकमधल्या एका गावात कबरी खणणारा जेबेझ पेटिट देवाला भ्यायचा, पण पाद्र्याला त्याहून जास्त. त्याची मुलगी जन्मली त्याच दिवशी गेली. बाप्तिस्मा राहिला म्हणून पाद्र्याने दफनाची प्रार्थना म्हणायला नकार दिला, तेव्हा जेबेझने ब्रही काढला नाही.

अशा पोरांसाठी गावाची जुनी रीत होती. त्यांना चर्चच्या उत्तरेला, ‘सैतानाचं दार’ म्हणत त्या बुजवलेल्या दाराशेजारी, बरोबर वळचणीखाली पुरायचं. पाचशे वर्षांच्या त्या छपरावरून गळणारं पाणी पवित्र. पागोळ्या पडत राहिल्या की बाप्तिस्मा होतो. पाद्री बघून न बघितल्यासारखं करत. जेबेझनेही आपली पोर तिथेच पुरली.

पाऊस आला की बायको, केझाया, एकच विचारायची, "पडतंय ना तिच्यावर?"

"पडतंय," तो म्हणायचा. तेवढ्यावर ती जगत होती.

मग नवा पाद्री आला. उत्तरेच्या भिंतीला ओल चढून आतल्या संताच्या जुन्या चित्राचे पोपडे गळत होते, म्हणून त्याने छपराला लोखंडी पन्हळ लावून घेतली. पहिल्याच सरीत केझाया बघून आली आणि चुलीपाशी बसली.

"कोरडी पडलीय पोर. आणि तू? नुसत्या कबरीच खणत बस."

जेबेझच्या जिव्हारी लागलं. त्याने शिडी लावून पोरीच्या वरचाच पन्हळीचा सांधा फोडला. सगळ्या छपराचं पाणी तिथे कोसळू लागलं. केझाया कितीतरी वर्षांनी हसली.

भिंत मात्र ते पाणी पीत गेली. थंडीत ते आत गोठलं, दगड फुगले आणि एका सकाळी भिंत संतासकट खाली बसली. केझाया तोवर अंथरुणाला खिळली होती. जेबेझने तिला कळू दिलं नाही, शेजारणींनाही गप्प केलं.

नवा पाया खणायचा होता, आणि गावात खणणारा एकच. करावं तसं भरावं म्हणतात. पण इतकं कुणी भरू नये.

कमरेएवढं खणल्यावर फावड्याखाली ती आली. मूठभरच होती.

"जुनी हाडं दिसतात," पाद्री वरून म्हणाला. "त्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाक सगळ्यांबरोबर."

पाद्र्याची पाठ वळल्यावर जेबेझने ती कोटाच्या खिशात घातली.

घरी पोचतो तोच पाऊस सुरू झाला. केझायाने डोळे उघडले.

"पडतंय ना तिच्यावर?"

खिशातला हात बाहेर न काढता जेबेझ म्हणाला, "पडतंय."