फेज टूमधले ब्रेक

"काका, पेडल खाली गेलं."

वॉकीटॉकीवर रसिकाचा आवाज होता. शांत. दाढ काढताना पेशंटशी बोलत असेल तसा. रसिका खंडाळ्यात डेंटिस्ट आहे. त्या क्षणी ती आमची रेसची गाडी घेऊन उताराला लागली होती आणि उताराच्या तळाला काटकोनात वळण होतं.

"पंप कर," मी म्हटलं. "पेडल मार, सोड, मार, सोड. गिअर खाली घे. हँडब्रेक हळूहळू ओढ, एकदम नको."

माझ्या शेजारी टीमचे कॅप्टन चैतन्य सर लॅपटॉप बघत होते. "ती ब्रेक जास्त मारतेय असं ॲप दाखवतंय," ते म्हणाले. "तिला सांगा, टाइम जातोय."

मी सांगितलं नाही. मी पळत सुटलो.

मी सुदाम कांबळे, बेडशाचा. एका मोटार कारखान्यात अठ्ठावीस वर्षं ब्रेक टेस्टिंगला होतो. बाकीचे गाडी पळावी म्हणून पगार घ्यायचे, मी थांबावी म्हणून. रिटायर झाल्यावर कान्हे फाट्याजवळ गॅरेज टाकलं. चैतन्य सर हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी हौशी लोकांच्या सहा तासांच्या रेसमध्ये टीम उतरवली आणि गाडीचं काम माझ्याकडे दिलं. या रेसमध्ये जुन्या गाड्या असतात, ड्रायव्हर आलटून पालटून चालवतात आणि सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात ज्याच्या फेऱ्या जास्त तो जिंकतो. वेगापेक्षा गाडी टिकणं महत्त्वाचं.

महिनाभर आधी मी सरांना यादी दिली होती. ब्रेक ऑइल बदलणं, पुढचे ब्रेक पॅड, जोडीला एक स्पेअर सेट. सरांनी यादी त्यांच्या प्लॅनमध्ये घातली आणि मला स्क्रीनवर दाखवली. फेज वनमध्ये स्टिकर, सीट, कॅमेरे आणि टीमचे टी-शर्ट होते.

"आणि ब्रेक?"

"ब्रेक आपण फेज टूमध्ये घेऊ, काका."

"फेज टू कधी?"

"रेसनंतर."

मी त्यांना दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "काका, तुमचं पॅशन मला आवडतं." ऑइलचा एक सीलबंद डबा तेवढा मी माझ्या पिशवीत टाकला.

रेस होती एका अर्धवट टाऊनशिपमध्ये. बिल्डरने आधी रस्ते केले आणि इमारती करायच्या राहून गेल्या. वळणांना नावं मात्र आहेत. रसिका ज्या वळणाकडे ब्रेकशिवाय निघाली होती तिथे 'मेडिटेशन गार्डन' अशी पाटी आहे. सुदैवाने तिथे गार्डन नाही, शिंदे आबांचा पेंढा आहे. जमीन मूळची आबांची. बिल्डर गेल्यावर आबा तिथे पुन्हा भाताचा पेंढा रचायला लागले. आयोजकांनी गाड्या अडवायला म्हणून तोच वळणावर लावून घेतला होता.

मी पोचलो तेव्हा गाडी दारापर्यंत पेंढ्यात घुसलेली होती. आबा माझ्याआधी तिथे होते आणि हाताने पेंढा बाजूला करत होते.

"बाई, लागलं का कुटं?"

"नाही, आबा. तुमचा पेंढा विस्कटला."

"पेंढा काय, परत रचंन मी. बसा हितं."

रसिका रस्त्याच्या कडेला बसली. मीही बसलो. कारखान्यात मी शेकडो गाड्यांचे ब्रेक मुद्दाम निकामी करून पाहिलेत, पण तिथे पुढे मोकळं मैदान असायचं. आत पोरीच्या वयाची डॉक्टर नसायची. माझ्या मनात एकच होतं: तीनदा सांगितलं म्हणजे माझं काम झालं, असं मी समजून कसा बसलो?

आबांनी ट्रॅक्टरने गाडी ओढून पिटमध्ये आणली. पिट म्हणजे रेसमध्ये गाडी दुरुस्त करायची जागा. आमची एका ताडपत्रीखाली होती.

चैतन्य सर गाडीत बसले आणि त्यांनी ब्रेक दाबला. एकदा, दोनदा.

"पेडल तर एकदम टाइट आहे." त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. त्यांच्या ऑफिसचे सहा-सात जण टीमचे टी-शर्ट घालून उभे होते. "रसिका, पॅनिक झालीस का?"

रसिकाने हेल्मेट काढून बॉनेटवर ठेवलं. "असेल. पुढच्या फेऱ्या तू मार."

"मी स्ट्रॅटेजी बघतोय ना."

मग ते तिला समजावू लागले की गाडी ठीक आहे आणि ती आत्ता निघाली तर अजून पहिल्या पाचात येता येईल. मी खिडकीतून हात घालून किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"काका, प्रत्येक मिनिट महत्त्वाचं आहे."

"म्हणूनच म्हणतो, आधी ऐका."

मी त्यांना सोप्या भाषेत सांगितलं. ब्रेक पायाने लागत नाही, तेलाने लागतो. तुम्ही पेडल दाबता, पाइपातलं ऑइल तो दाब चाकापर्यंत नेतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. जुनं झालं की त्यात पाणी मुरलेलं असतं. सारखे ब्रेक मारून चाकं तापली की त्या पाण्याची वाफ होते. ऑइल दबत नाही, वाफ दबते. मग पेडल खाली जातं आणि गाडी पुढे. गाडी थंड झाली की वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल टाइट लागतं. ते तुम्हाला आत्ता लागतंय. पाच-सहा फेऱ्यांनी पुन्हा जाईल.

"पण ॲपमध्ये..."

"ॲपला पेंढा दिसला का?" रसिकाने विचारलं.

सर लॅपटॉप मिटून बाजूला गेले. मी ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं. आत काळा चहा होता. मग पुढे गेलो. चाकांना वारा लागावा म्हणून बंपरला मी दोन भोकं पाडली होती. दोन्हींवर टीमच्या ब्रीदवाक्याचं स्टिकर होतं. ब्रीदवाक्य होतं 'फेल फास्ट'. 'फेल' डावीकडे, 'फास्ट' उजवीकडे. मी दोन्ही फाडली. शेवटी पुढची चाकं काढली. पॅड झिजून लोखंडाला लोखंड लागलं होतं.

"स्पेअरची पेटी द्या," मी म्हटलं.

पेटी आली. आत उरलेले टी-शर्ट होते.

तिकडे सरांनी सगळ्यांना गोल उभं करून मीटिंग घेतली. विषय होता, हे का झालं. मी गाडीखाली होतो, त्यामुळे मला बोलावलं नाही. निष्कर्ष निघाला, कम्युनिकेशन गॅप.

पॅड कुठून आणायचे? कामशेतला जाऊन यायला तास गेला असता आणि मिळतील याची खात्री नव्हती. आबा बाजूलाच उभे होते. त्यांनी माझ्या हातातला पॅड घेऊन उलटसुलट बघितला.

"सुदाम, असलं आमच्या गणेशच्या गाडीला असत्यात का?"

गणेश आबांचा जावई. लोणावळ्यात पर्यटकांना फिरवतो. गाडी आमच्याच मॉडेलची. तो सासऱ्यासोबत रेस बघायला आला होता आणि भेळ खात होता.

"पॅड नवं टाकलंय मागल्याच आठवड्यात," गणेश म्हणाला. "घाटात चालवतो, म्हणून."

"दे काडून," आबा म्हणाले. "बाईच्या जिवाचं हाय."

गणेशने माझ्याकडे बघितलं. "काका, मी घरी कसा जाऊ?"

"मी सोडतो. गाडी इथेच राहू दे. उद्या सकाळी येऊन नवे पॅड घालून देतो. माझा शब्द."

त्याने भेळ आबांच्या हातात दिली आणि स्वतः जॅक काढला. दोन्ही गाड्या शेजारी उचललेल्या, चाकं रस्त्यावर, टाकीत माझ्या पिशवीतलं नवं ऑइल, गणेश पेडल मारतोय आणि मी चाकाकडून जुनं ऑइल नि हवा काढतोय, असं आमचं चाललं. चैतन्य सरांनी आभार म्हणून गणेशला टी-शर्ट दिला. त्याने ऑइलचे हात त्यालाच पुसले.

मी रसिकाच्या शेजारी बसलो आणि मागच्या रस्त्यावर तिला तीनदा जोरात ब्रेक मारायला लावला. गाडी तिन्ही वेळा जागच्या जागी थांबली.

"जाशील?" मी विचारलं. "नको वाटत असेल तर इथेच थांबू. कोणी काही म्हणणार नाही."

"चैतन्य म्हणेल." तिने हेल्मेट चढवलं. "जाते. पण उतारावर पहिल्या फेरीला हळू."

पहिल्या फेरीला ती खरंच हळू गेली. चौथीपासून नाही. शेवटचे दोन तास तिने एकटीने गाडी चालवली, कारण सरांची स्ट्रॅटेजी संपतच नव्हती. चौदा गाड्यांत आमचा नंबर अकरावा. बारावी, तेरावी आणि चौदावी बंद पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणेशला पॅड घालून दिले. तो त्याच दुपारी पाहुणे घेऊन घाट उतरला.

महिन्याभराने सरांच्या कंपनीत या रेसवर एक ऑनलाइन कार्यक्रम झाला. विषय, संकटातलं नेतृत्व. पहिल्याच स्लाइडवर पाना धरून उभे असलेले चैतन्य सर होते. पाना माझा होता आणि त्यांनी तो उलटा धरला होता. शेवटी म्हणाले, "आता कांबळेकाका पाच मिनिटं टेक्निकल बाजू सांगतील."

मी सांगितलं, "ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. रेस करायची असेल तर रेसच्या आधी."

"आणखी काही, काका?"

"नाही."

उरलेली साडेचार मिनिटं सर बोलले.